बंगलोर किती लांब पडते?

"बंगलोर म्हंजे किती लांब पडते?" असं विचारत शारदाबाईंनी पुढे केलेली कचोरीची बशी अर्ध्यातच थांबवली.

बंगलोरला नोकरी करणाऱ्या चिन्मयला हा प्रश्न पाठ होता. आधीच्या तीन स्थळांनी त्याला याच प्रश्नावर नारळ दिला होता. आणि आज तर समोर शारदाबाईंची धाकटी, स्वरदा बसली होती. फोटो पाहिल्यापासून त्याची झोप उडवणारी. म्हणून तो या वेळी तयारीनिशी चिखलीत आला होता.

"तसं हजारभर किलोमीटर, काकू."

स्वरदाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. बिचारी घाबरली, असं त्याला वाटलं.

"पण विमानानं पावणेदोन तास!" विमान जणू त्याच्याच घरचं.

रस्त्याने: हजारभर.
हवेतून: आठशेच्या आत.
काकूंच्या चेहऱ्यावरून: अजून बरंच.

त्याने मोबाइलवर नकाशा उघडला. संभाजीनगर ते बंगलोर, एक सरळ रेघ.

"अन् संभाजीनगरपर्यंत उडत जाशीन का बे?" गजेंद्रमामांनी विचारलं. मामा मुलाकडचे होते, हे सांगावं लागतं.

"तो रस्ता आहे मामा. तो धरायचा नसतो."

स्वरदाची मान खाली गेली. लाजली, असं त्याला वाटलं. त्याला आणखी जोर चढला.

"आमची थोरली पाहा," शारदाबाई म्हणाल्या. "दोन गल्ल्या सोडून देली. हाक मारली का हजर!" त्यांनी हाक मारली. करिश्मा कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून हजर झाली, आणि "काही नाही, जाय" ऐकून परत गेली.

"काकू, बंगलोरसुद्धा तिसरी गल्लीच समजा," चिन्मय म्हणाला. "मनात आलं की विमानात बसायचं."

"मंग त मी दर महिन्याले येत जाईन!"

"महिन्याने कशाला? पंधरा दिवसांनी या!"

कचोरीची बशी त्याच्यापर्यंत पोचली. शारदाबाईंनी त्याला दोन कचोऱ्या वाढल्या, मामांना एक. स्थळ पक्कं झालं होतं. आता मुलीशी बोलणं तेवढं उरलं होतं, आणि ते काय, नावापुरतं.

दोघांना गच्चीवर पाठवलं. तो कठड्याला टेकून उभा राहिला. एवढं मोठं अंतर कापून आल्यावर माणूस जसा उभा राहील, तसा.

"तुम्ही आईले पंधरा दिवसाले बोलावलं," स्वरदा म्हणाली.

"मग! आवडलं ना?"

खालून करिश्माला पुन्हा एक हाक गेली. स्वरदा ती संपेपर्यंत थांबली.

"विमान जात नाही अशा गावात तुमच्या कंपनीचं ऑफिस आहे का? असंल, तर माह्याकडून लग्नाले हाव."