टाके निघेपर्यंत

आदिलाबादच्या दंतवैद्याने पंचफुलाबाईंची सडलेली हिरडी उघडून दातांच्या मुळांपर्यंत साफ केली, टाके घातले आणि वर गुलाबी लेप बसवला. "अम्मा, दो-तीन दिन सूजन रहेगी, घबराना नहीं. ठंडा, नरम खाना. और टाँके निकलने तक ज़ोर से बोलना-चिल्लाना बिलकुल नहीं," त्याने बजावले.

शस्त्रक्रियेत न रडलेल्या बाईंचे डोळे या शेवटच्या अटीने भरून आले. काही वर्षांपूर्वी बासरला मित्रांसोबत पोहायला गेलेल्या त्यांच्या मुलाला, नागसेनला, गोदावरीने परत दिलेच नव्हते. तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या उंबरठ्यावर उभ्या राहून त्याला जेवायला हाक मारीत. त्यांचे पती चंपतराव गुरुजी यांना ते मुळीच खपत नसे. "काऊन लोकाइले हसवून राह्यली? गेलेलं माणूस हाकेनं येत नसते, पंचफुला!"

त्या संध्याकाळी तलमडुगू गावातल्या त्यांच्या घरात गुरुजींना इतकी वर्षे हवी असलेली शांतता पसरली. दिवा लागला. पंचफुलाबाई सुजलेल्या गालाला ओला फडका लावून दाराकडे पाहत बसल्या. त्यांच्यापुढे दुधात कुस्करलेली भाकरी तशीच होती. गुरुजींनी घास उचलला, पण तो तोंडाशी न नेताच ताटात ठेवला आणि हात धुऊन ते उंबरठ्यापाशी गेले.

 

"नागसेन, ये रे बापू जेवाले! तुया मायले आज बोलता येत नाई."