न ऐकलेल्या दोन फेऱ्या

आठ तासांची शर्यत त्यांनी जिंकली. आता हे विसरून जायचं, कारण असं काही घडलेलंच नाही. साडेचारला निकाल रद्द झाल्याचा तसा कागद निघाला. अधिकारी येऊन चषक परत घेऊन गेला. नेण्याआधी त्याने तो रुमालाने नीट पुसला, कारण बाबांनी त्याचे तीन मुके घेतले होते. तेही घडले नाहीत.

गॅरेजात बसायला चार टायर होते, पण लेक उभीच होती. तिचा पांढरा रेसिंगचा सूट मागून ओला होता, आणि ती ओल तिची नव्हती.

नियम साधा होता. एका माणसाने सलग दोन तासांच्या वर गाडी चालवायची नाही. मग उतरायचं आणि दुसऱ्याने बसायचं. या घरच्या टीममध्ये ड्रायव्हर दोनच, बाप आणि लेक. आई रेडिओवर. दुपारी वेळ भरत आली तशी आईने हाक मारली होती, "अहो, आत या आता."

"ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, हे तुम्हाला कसं ऐकू आलं?"

यावर गाडी समोरून सुसाट निघून गेली. पुढच्या फेरीलाही तेच. हेल्मेट घालून तयार उभ्या असलेल्या लेकीने दोन्ही वेळा हात वर केला आणि बाबांनीही दोन्ही वेळा आतून हात हलवला, स्टेशनवर पाहुण्यांना निरोप देतात तसा. मग आले एकदाचे. भिंतीकडे पाठ करून खेकड्यासारखे तिरके उतरले. ती टुणकन आत बसली आणि बसल्या क्षणी तिला सगळं कळलं.

पुढचा दीड तास ती तोंडाने श्वास घेत होती. त्या दीड तासात तिने आयुष्यातली सगळ्यांत चांगली गाडी चालवली. तिसऱ्या नंबरावरून पहिली आली. बाबा मात्र दोन तास चार मिनिटं आत होते.

"काय झालं होतं, बाबा?"

"काय व्हायचंय?" बाबा पाना घेऊन आधीच घट्ट असलेला नट घट्ट करत होते. "प्यायच्या पाण्याची नळी गळत असेल."

"पाणी कोमट होतं."

"अहो, सांगून टाका," आई म्हणाली. "तेहतीस वर्षं तुमचे कपडे धुतेय, मला काय नाक नाही?"

बाबांनी पाना खाली ठेवला. "दोन फेऱ्यांत वाळेल असं वाटलं. आत नुसती भट्टी असते. आणि उतरताना त्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. सूट पांढरा."

"पांढरा तुम्हीच निवडलात. मी मातकट म्हणत होते."

"बाबा, सगळेच ड्रायव्हर करतात! गेल्या वर्षी जिंकलेला तर मुलाखतीत हसत हसत सांगत होता."

"तो पंचवीस वर्षांचा आहे. त्याने केली तर मर्दुमकी. मी केली तर वय."

तिला बाबांची किळस आली. मग किळस आल्याची किळस आली. मग फिरून बाबांचीच. दोनशेच्या वेगात वळण घेणारा माणूस, आणि भ्याला कशाला, तर डागाला.

अधिकारी अपिलाचा फॉर्म घेऊन आला. "वीस मिनिटं आहेत. कारण प्रकृतीचं असेल तर निकाल परत मिळतो. फक्त स्पष्ट लिहा. अर्ज बाहेर फलकावर लागतो, सगळ्यांना वाचायला." मग त्याने नाक वर करून हुंगलं. "इथे काही सांडलंय का?"

"कूलंट," तिघंही एकदम म्हणाले.

तो गेला. समोर पार्किंगमध्ये एका मोठ्या कंपनीच्या टीमचा माणूस आपल्या गाडीला टेकून उभा होता. सकाळी तो लेकीला म्हणाला होता, "जिंकलीस तर मंगळवारी ये, करार करू. दुसरी आलीस तर नको येऊस." त्याने घड्याळात बघितलं आणि गाडीचं दार उघडलं.

लेकीने पेन घेतलं.

"लिही," बाबा म्हणाले. जादाचं स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी पँटीसमोर धरलं होतं, जणू अजून चालवतच होते. "एकतीस वर्षं टीम चालवली, आज पहिल्यांदा जिंकलो होतो. लिही तू. माझं काय, झालं आता." थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "शब्द तेवढा जरा बरा घाल."

तिने बरा शब्द शोधला. चांगली पाच मिनिटं शोधली. एवढी जुनी भाषा, पण या कामाला एक शब्द फलकावर लावण्याजोगा सापडेना. बाबा स्टिअरिंग किंचित डावीकडे फिरवत होते.

"लवकर कर गं," आई म्हणाली. "आणि आधी तो सूट बदल."

लेकीने बदलला नाही. तशीच, ओल्या अंगाने, टायरवर बसली आणि फॉर्म मांडीवर घेऊन लिहू लागली.

नियमभंगाचे कारण: चालक हे अर्जदाराचे वडील आहेत.

मागणी: तरी वडिलांना ऐकू येते असे सन्माननीय समितीने गृहीत धरू नये, आणि त्यांनी न ऐकलेली चार मिनिटे घड्याळातून वजा करून निकाल पूर्ववत करावा, ही नम्र विनंती.