अबू लौझा

आमच्या अम्मानमध्ये पुरुषाला त्याच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप. आम्हाला मूल नाही. सतरा वर्षांपूर्वी ह्यांनी मांजरीचं बदामी पिल्लू घरी आणलं आणि नाव ठेवलं लौझा. दुसऱ्याच दिवशी गल्लीतला खाटीक सगळ्यांदेखत ओरडला, "काय अबू लौझा, लेकीला कलेजी नको का?" मला असा राग आला! हे मात्र हसून "ओ" म्हणाले. तेव्हापासून ह्यांचं नझीह हे नाव फक्त ओळखपत्रावर उरलं.

आज लौझाला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. चार दिवस तिच्या पोटात काही नव्हतं.

"या अबू लौझा!" डॉक्टर हातिम नेहमीसारखे म्हणाले. "लेक रुसली वाटतं?"

"सार्डिनलासुद्धा तोंड लावत नाही हो," हे म्हणाले.

"बापाच्या हातचं खाऊन कंटाळली असेल! तुम्ही बाहेरच बसा. तिला सुई टोचली की तुम्हीच कळवळता."

ते टोपली आत घेऊन गेले. तिची लोकरीची शाल ह्यांच्याच हातात राहिली.

"थंडी वाजेल गं तिला."

"गप बसा हो. आत ऊब आहे," मी खेकसले.

अर्ध्या तासानं दार उघडलं. डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता हातमोजे काढले.



"नझीहसाहेब," ते म्हणाले, "जरा आत येता?"