सांगलीहून आणलेली पेटी

दुकानदारानं रेकॉर्डवर सुई ठेवली, डफ कडाडला आणि हंबीरराव सरळ उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

"आवं, बसा की जरा. शेवटपत्तोर ऐका तरी," साळूबाई आतून म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली.

"तुझं चालू दे," हंबीरराव कुजबुजला.

कुजबुजणार नाही तर काय करणार? गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. एके काळी कोयनेच्या या काठावरून त्यानं हाळी दिली की पलीकडचा गडी वैरण टाकून वर बघायचा. सगळ्या मलकापुरात तसला गळा नव्हता. आता चहा हवा असला तरी ताटली वाजवायची पाळी आली होती.

आणि नेमका तेव्हापासूनच साळूबाईनं धोशा लावला होता, रेकॉर्ड ऐकायची म्हणून.

रेकॉर्ड एकच. पाटणच्या जत्रेत शाहीर लालासाहेबांनी पोवाडा गायला, तो कंपनीच्या माणसांनी तिथंच भर गर्दीत भरून घेतला होता. लग्नात साळूबाई ती ट्रंकेतून घेऊन आली. हंबीररावही त्या जत्रेला होता. फौजेतून सुट्टीवर आलेला, मित्रांबरोबर मागं उभा राहून नुसता धिंगाणा घालत होता. साळूबाई त्यानं पहिल्यांदा बघितली ती तिथं. आणि ती कुणाकडं बघत होती? शाहिराकडं! उंच, गोरा, फेट्याचा तुरा हा असा. म्हातारपण आलं तरी ती नजर काही हंबीररावाच्या डोळ्यांतून गेली नाही.

घरात रेकॉर्ड लागली की हा चपला घालून उसात. ती डोळे मिटून ऐकत बसायची, ते याला बघवायचं नाही. जुना प्लेअर बंद पडला तेव्हा त्यानं मनातल्या मनात पेढे वाटले होते.

आता माझा गळा गेला, म्हणून हिला त्याचा आठवला. सांगलीपर्यंत एसटीत हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं, आणि आत नुसती आग आग होत होती.

दुकानदार धनाजीनं दोन सेट मांडले होते. एक मोठा. त्याचा प्लेअर वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. दुसरी नुसती लाल पेटी, सुटकेसएवढी. झाकण उघडलं की सगळं तिच्यातच.

साळूबाईनं दोन्हींवर पोवाडा लावून बघितला. थोडा थोडाच, पण मान वाकडी करून, अगदी दागिना पारखावा तसा.

"ह्यो मोठा लय ग्वाड हाय," ती म्हणाली. "ह्यात मागची माणसं बी ऐकू येत्यात."

मागची माणसं! शिट्ट्या मारणारी टारगट पोरं ऐकायला बाईसाहेब सांगलीला आल्यात! हंबीरराव मनात चरफडला. सोंग कुणाला दावतीस?

"तू गणपतीला जाऊन ये," तो म्हणाला. "मी बांधून घेतो."

ती गेली. हंबीररावानं धनाजीला जवळ बोलावलं.

"ह्या दोन्हीत फरक काय रं?"

"लय फरक हाय, दादा. मोठ्याची सुई नुसती टेकती. ह्या पेटीची सुई जड. रोज एकच रेकॉर्ड लावाल, तर नांगरून काढंल बघा. तुमची तर जुनी हाय, दुसरी मिळायची न्हाई. माझं ऐका, मोठाच न्या."

हंबीररावाचा चेहरा कधी नाही तो फुलला.

"पेटी बांध," तो म्हणाला.

साळूबाई प्रसाद घेऊन आली आणि लाल पेटी बांधलेली बघून तिनं मोठ्या सेटाकडं बोट केलं.

"मोठ्याचा सुईचा हात बिघडलेला निघाला," त्यानं थाप मारली.

"तुमी बघितलंसा न्हवं? मग झालं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

त्या दिवसापासून मलकापुरात रोज दिवेलागणीला पोवाडा लागू लागला. हंबीरराव पूर्वीसारखाच उसात जायचा, पण आता जाताना पाय हलके असायचे. सुई उडते अशी सबब सांगून त्यानं पेटीतल्या सुईच्या हातावर रुपयाचं नाणं चिकटवलं. पुढं त्यावर आणखी एक. नांगर खोल गेला पाहिजे!

"कसा काय आवाज?" परत आल्यावर तो साळसूदपणे विचारायचा.

"जरा खरखरतोय," ती म्हणायची. मग एकदा म्हणाली, "लय खरखरतोय ओ."

दिवाळी झाली, ऊस तोडीला आला. एका संध्याकाळी हंबीरराव चपला घालायला उठलाच नाही. आत येऊन साळूबाईशेजारी पाटावर बसला, पहिल्यांदाच. पेटीतून नुसती खरखर येत होती. ना डफ, ना शाहीर.

साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून हंबीररावाला आतून गार गार वाटलं. एवढ्या वर्षांनी घर आपलं झाल्यासारखं वाटलं.

"गेला का तुझा शाहीर?" तो कुजबुजला.

"शाहिराला काय करायचंय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "थांबा. आता येतंय बघा. हितं पोवाडा संपतो."

दोघंही कान देऊन बसले. सुई खरखरत पुढं सरकली आणि रेकॉर्डच्या मधोमध जाऊन अडकली. काहीच आलं नाही.

"हितं मागनं एक फौजी गडी वरडायचा, 'आणिक एकदा व्हऊ द्या, शाहीर!' सगळी जत्रा वळून बघत हुती, मी बी बघितलं," साळूबाई म्हणाली. "तुमचा गळा गेल्यापास्नं तुमची तेवढीच हाळी राहिली हुती ओ माझ्याकडं."