राखणीची जोडी
भाताच्या कोठारात राखणीला लाकडी देवांची जोडी बसवतात, पाय पोटाशी, हात गुडघ्यांवर. त्यातला एक चोरीला गेला, आणि असले जुने देव विकत घेणारा बागियो शहरातला व्यापारीही परवापासून बेपत्ता होता. दोन्ही तपास हवालदार पुगोंगकडे आले, कारण गाव त्याचंच आणि कोठार त्याच्या आत्याचं. “देव सापडला, आत्या?” “जोडी पुरी झाली. बघ जा. आणि टोपी काढ, देवापुढे कसली आलीय हवालदारकी!” टोपी न काढताच तो कोठाराची शिडी चढला. आत दोघे शेजारी-शेजारी बसले होते. दोघांवर डुकराचं रक्त वाळलेलं, दोघांपुढे तांदळाची दारू. एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. “सुगी तोंडावर आलीय,” आत्या खालून म्हणाली. “एकट्याने राखण होते का कुठे?” घड्याळ काढताना पुगोंगच्या बोटांना नाडी लागली. घड्याळ त्याने खिशात टाकलं, तो हात परत गुडघ्यावर ठेवला आणि टोपी काढली.