हेल्मेटवीर कुणी काढला

"सर, चित्रं ज्या मुलीनं काढली, तिचं नाव कुठंय?"

स्वरूपानं स्टेजवरच्या माईकमध्ये विचारलं आणि स्वतःचाच आवाज कॅन्टीनभर घुमलेला ऐकून तिला एकदम भारी वाटलं. मागच्या रांगेत तनुजा आणि बाकीच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. 'एवढी वर्गात बोलतेस ना? मग विचार की साहेबांना, बघू हिंमत,' असं त्यांनीच तिला टोचलं होतं. विचारलं! घ्या!

चाकणच्या कंपनीचा फॅमिली डे होता. पर्मनंट कामगारांची बायकापोरं नटूनथटून आली होती. स्टेजवर पुरुषभर उंचीचं पोस्टर नुकतंच उघडलं होतं. सुरक्षा सप्ताहाच्या कॉमिक स्पर्धेत पहिला आलेला सुपरहिरो, हेल्मेटवीर! खाली ठळक अक्षरात, 'कथा व चित्रे : कु. स्वरूपा रविराज गव्हाणे, इयत्ता नववी'.

कथा तिचीच होती. म्हणजे चार ओळी. मशीनमध्ये कामगाराचा हात जाणार इतक्यात एक वीर उडत येतो आणि वाचवतो. बस. तो वीर दिसतो कसा, हे काही तिला सुचलं नव्हतं. ते सगळं तिच्या वर्गातल्या स्वप्नालीचं. तेल पुसायच्या चिंध्या जोडून तिनं त्याची केप केली. त्याला थोडं पोट दिलं. आणि उडताना एक हात कमरेवर, कारण एवढं उडायचं म्हणजे कंबर दुखणारच. आत्ता सगळं कॅन्टीन हसलं ते त्या केपला, आणि टाळ्या पडल्या त्या कमरेवरच्या हाताला. गोष्ट कुणी वाचलीसुद्धा नव्हती.

स्वप्नाली मात्र कुरुळीला खोलीवर बसून होती. तिचे वडील ठेकेदाराकडं कामाला; त्यांच्या घरच्यांना फॅमिली डेचं बोलावणं नसतं. "माझ्या नावाचा फोटो काढून आण हं, अगदी जवळून," एवढंच तिनं सांगितलं होतं.

"फारच छान प्रश्न!" एचआरचे साहेब हसले. "बेटा, हेल्मेटवीर आता कुणा एकाचा राहिला नाही. तो आपल्या सगळ्या परिवाराचा झालाय."

टाळ्या.

"हो सर, पण काढला स्वप्नालीनं. माझ्या वर्गात आहे ती. आम्ही दोघींची नावं दिली होती."

टाळ्या विरल्या. "अच्छा? कुठल्या डिपार्टमेंटला आहेत तिचे पप्पा?"

स्वरूपानं उत्साहानं हात उचलला. भिंतीपाशी स्वप्नालीचे वडील, समाधानकाका, ठेकेदाराच्या माणसांचा राखाडी शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होते. तिनं बोट दाखवायच्या आत ते खुर्च्यांच्या ढिगामागं खाली बसले.

हात तसाच वर राहिला. मग तिनं त्या हातानं केस मागं सारले.

"माहीत नाही, सर."

"काही हरकत नाही! सोमवारी आपण शोधून काढू तिला," साहेब मायेनं म्हणाले आणि पुढचं बक्षीस पुकारलं.

ती जेवणाच्या टेबलाशी आली तर पप्पांचं तोंड उतरलेलं. "दुसरं नाव मीच काढून टाकलं होतं. स्पर्धा पर्मनंटच्या पोरांची आहे. तुला कुणी सांगितलं होतं माईकवर जायला?"

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

पप्पा काही बोलणार तोच समाधानकाका आले. हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाणीच द्यायला आलेत.

"घ्या भाऊ, पाणी," ते मोठ्यानं म्हणाले. मग खालच्या आवाजात, "माय, काय केलंस गं हे? ठेकेदाराला वाटंल, मीच पोरींना शिकवून पाठवलं. नाव मागणारा माणूस त्याला चालत न्हाई. सोमवारी गेटवरच पास काढून घेतोय बघ."

"मी बोलतो साहेबांशी," पप्पा म्हणाले.

"नका बोलू, भाऊ. तुम्ही बोलला की ती माझी पोर, हे कळलंच की."

"पण काका, तिनं काढलाय तो!" स्वरूपाला राहवेना. "तुमच्यावरूनच काढलाय. तो कमरेवरचा हात बघा ना!"

काकांनी पोस्टरकडं मान वळवली.

"शर्ट तर निळा हाय," ते म्हणाले.

निळा शर्ट पर्मनंटचा. स्वरूपानं डोळे बारीक करून पाहिलं. स्वप्नालीनं राखाडी रंगवला होता, अगदी विटक्या कॉलरसकट. आणि पोस्टर छापताना रंग बदलल्याचं आत्तापर्यंत तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बरं झालं," काका म्हणाले. "आता कुणाला वळखायचा न्हाई." ट्रे उचलताना ते थांबले. "माय, आमच्या घरातलं एकच नाव हितं लिहिलेलं हाय. माझं, पासवर. तेवढं राहू दे."

ते पुढच्या टेबलाला पाणी द्यायला गेले. आईनं स्वरूपाच्या ताटात गुलाबजाम वाढला. "खा गं. बक्षीस मिळालंय, असं तोंड करू नये." मागून तनुजा ओरडली, "स्वरू, एक नंबर विचारलंस, राव!"

स्वरूपानं ताट बाजूला सरकवलं आणि उभी राहिली. स्टेजवर ऐकू आला होता तसाच तिचा आवाज खणखणीत लागला.

"आई, पप्पा, माझं ठरलंय. सोमवारपर्यंत थांबायचंच नाही. आत्ताच जाऊन साहेबांना सांगते, मी गंमत केली. चित्रंही मीच काढली. स्वप्नाली नावाचं कुणी नाहीच."