दोन जोड
वीज गेली की आईचं प्राणवायूचं यंत्र बॅटरीवर चालायचं. काल ते मध्येच बंद पडलं आणि आईच्या जिवावर बेतलं. वडिलांनी बॅटरीच्या केबलला हातोडीने ठोकून बसवलेला जोड थोरल्या मुलीने करवतीने कापला. आत तारा सुट्या, काळ्या. ती नवी अवजारं आणायला निघाली. “हातोडी आहे की,” धाकटा भाऊ म्हणाला. “बाबांनी जन्मभर तिच्यावरच भागवलं.” “तेव्हा बॅटरीवर दिवे चालायचे. आता आई आहे.” दुकानात तिने तारा न चेपणारा कटर, फक्त आवरण सोलणारा स्ट्रिपर आणि जोड तारांवर दाबून घट्ट बसवणारा हायड्रॉलिक क्रिंपर हाताळून निवडले. घरी पहिला जोड दाबून तोही मधोमध कापला. “ताई, चांगला जोड वाया घालवलास.” “तो बघायला होता.” आत तांबं एकसंध होतं. दुसरा जोड तसाच दाबून केबल बॅटरीला लावली आणि तिने स्वतःच मेनस्विच बंद केला. पंखा थांबला. यंत्र घुरघुरत राहिलं. झोपलेल्या आईने कूसही बदलली नाही.